पैवस्तीचा हिशेब

गणपतीच्या दिवसांत आपल्या घरोघरी आता एक प्रसंग ठरलेला असतो. आरतीची वेळ होते, निरांजन लागते आणि आजी आठवण करतात, "पुण्याला लावा रे, नातवंडं वाट बघत असतील." मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला जातो. पलीकडे पुण्याचे, बंगळूरचे, न्यू जर्सीचे चेहरे उमटतात. पहिले कडवे संपायच्या आत चित्र थिजते आणि पडद्यावर चक्र फिरू लागते. मग घरात पंचायत बसते. एकाचे म्हणणे, मोबाइल जुना झाला. दुसऱ्याचे, वायफायचा डबा आतल्या खोलीत आहे. तिसरा कंपनीला बोल लावतो आणि चौथा म्हणतो, "आपलं बरोबर आहे, त्यांच्याकडेच काहीतरी असेल." मंत्रपुष्पांजली होऊन प्रसाद वाटला जातो, तरी पंचायतीचा निकाल लागत नाही, कारण कोणापाशीच पुरावा नसतो.

हा पुरावा कसा गोळा करायचा, हा प्रश्न इंटरनेटच्या बालपणापासून त्याच्या मागे आहे. त्याची उत्तरे शोधणाऱ्यांतल्या अनेकांनी स्वतःची अडचण सोडवताना एखादे साधन तयार केले आणि ते सगळ्यांना फुकट देऊन टाकले. पुढे हजारो लोकांनी अशी साधने आपापल्या घरी चालवली. त्या साधनांची हकिगत या लेखात सांगायची आहे, आणि ती आपल्या भोपाळच्या वळणाने सांगायची आहे.

पत्र पावले कधी?

डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथे भोपाळला कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्याच दोराहा सराईला तह झाला. त्या दिवसांत बाजीराव चिमाजीअप्पांना पत्रे लिहीत होते. ती जासुदांच्या पायांनी नर्मदा आणि तापी ओलांडून दक्षिणेत पोचत. मराठी दप्तरातली जुनी पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, पत्रात लिहिल्याची तिथी असते आणि पुष्कळदा कोपऱ्यात 'पैवस्ती'ची, म्हणजे पत्र हाती पडल्याची, तिथी वेगळी नोंदलेली असते. दोन तिथींमधले अंतर म्हणजे वाटेत लागलेला वेळ. एखादे पत्र चार दिवस उशिरा आले की लगेच कळे: वाटेत पूर आहे, चौकी बसली आहे किंवा जासूद रेंगाळला आहे.

या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पैवस्तीची नोंद जासूद करीत नसे, ती पत्र घेणाऱ्याच्या कचेरीत होई. ज्याच्या हाती वाहतूक, त्याच्याच हाती वेळेचा हिशेब, असा प्रकार नव्हता.

तारायंत्र आले आणि हे पालटले. १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली, आणि आग्रा-मुंबई तार ग्वाल्हेर व इंदूर या मराठी राजधान्यांवरून गेली. पण ही तार सरकारची होती. ती तुटली की कुठे तुटली हे तारखात्याच्या माणसाला त्याच्या उपकरणावर कळे, तार करणाऱ्याला नाही. पुढे टेलिफोनच्या काळातही तेच राहिले. ज्यांनी भोपाळहून नागपूरला किंवा पुण्याला ट्रंक कॉल लावून अर्धा दिवस वाट पाहिली आहे, त्यांना "लाइन खराब है" हे वेदवाक्य आठवत असेल. त्यावर अपील नव्हते. आपल्याजवळ मोजायचे साधनच नव्हते.

भारतात इंटरनेटची सुरुवात विद्यापीठी मंडळींनी केली. १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांच्याबरोबर मुंबईची एनसीएसटी ही संस्था होती, आणि परदेशाशी जोडणी जमवण्यात या संस्थेचा वाटा मोठा होता. सामान्य माणसासाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने महानगरांत सेवा सुरू केली तेव्हा. पुढच्या काही वर्षांत ते आपल्यापर्यंत आले. मोडेमची किणकिण, व्यापलेला घरचा फोन आणि मध्येच तुटणारी जोडणी हे सारे त्याच्याबरोबर आले.

आपल्या प्रदेशाने त्यात एक धाडस लवकर केले. पवारांच्या जुन्या संस्थानातल्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' सुरू झाला. खेड्यांतल्या सूचनालयांत एका संगणकावर मंडीचे भाव, खसऱ्याच्या नकला आणि तक्रारअर्ज मिळू लागले. त्याच वर्षी स्टॉकहोमचा पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे त्याचा अभ्यास झाला तेव्हा वीज आणि टेलिफोनची तार यांचा वारंवार होणारा खंड ही मोठी अडचण म्हणून नोंदली गेली. दूत कितीही ज्ञानी असला तरी वाट उघडी असेल तरच तो पोचतो.

एका रात्रीत लिहिलेली हाक

वाट उघडी आहे की नाही हे पाहायचे सर्वांत साधे साधन 'पिंग'. ते डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने लिहिले. मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेत तो काम करीत होता. जाळे विचित्र वागत होते आणि दोष नेमका कुठे आहे ते कळत नव्हते. त्याने एका बैठकीत, रात्रीतून, सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहून काढला. त्याचे काम एवढेच की, दूरच्या संगणकाला हाक मारायची, त्याची 'ओ' परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि पुन्हा हाक मारायची. पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा आवाज तसा येतो, म्हणून त्याने त्याला 'पिंग' नाव दिले. पैवस्तीची तिथी आता सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात, नोंदली जाऊ लागली, आणि ती नोंद करणारा पुन्हा एकदा पत्र पाठवणारा-घेणारा माणूसच होता.

म्यूसने हा प्रोग्रॅम कोणाला विकला नाही, तो सर्वांसाठी मोकळा ठेवला. आज जगातल्या बहुतेक सर्व संगणकांवर तो असतो. त्यानेच सांगितलेला एक किस्सा आहे. एका कचेरीत तार कुठेतरी सैल होती आणि जोडणी अधूनमधून जाई. तिथल्या माणसाने अशी व्यवस्था केली की, 'ओ' परत आली की संगणक मोठ्याने "पिंग" म्हणेल. मग आवाज चढवून तो इमारतभर हिंडला आणि एकेक जोड हलवून पाहत गेला. आवाजाच्या खुणेवरून त्याला सैल जोड लवकरच सापडला. आपल्याकडे माळ्याच्या दिव्यांची माळ पेटेनाशी झाली की एकेक दिवा हलवून पाहतात, अगदी तशी ही गोष्ट.

हे आकडे वाचायला एक हिशेब उपयोगी पडतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भोपाळ ते मुंबई तारेची वाट आठशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन सोळाशे, म्हणजे आठ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रे थोडा वेळ घेणार, म्हणून पंधरा-वीस आले तरी ठीक. पण मुंबईतल्या संगणकाकडून उत्तर यायला अडीचशे मिलिसेकंद लागत असतील, तर आपली हाक एक तर कुठेतरी कोंडीत सापडली आहे किंवा परदेशवारी करून आली आहे.

ही परदेशवारी थट्टेची गोष्ट नाही, आणि ती पकडली दुसऱ्या एका साधनाने. त्याचे नाव 'ट्रेसरूट'. कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसनने ते १९८७ च्या सुमारास लिहिले. त्याची युक्ती फार सुंदर आहे. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक लखोट्यावर आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतले प्रत्येक नाके त्यातून एक वजा करते. आकडा शून्यावर आला की ते नाके लखोटा टाकून देते आणि पाठवणाऱ्याला कळवते, "तुमचा लखोटा माझ्यापाशी संपला." चुकलेले लखोटे कायम फिरत राहू नयेत म्हणून ही सोय होती. जेकबसनने मुद्दाम पहिला लखोटा एका आयुष्याचा पाठवला, दुसरा दोनचा, तिसरा तीनचा. प्रत्येक नाके आपण होऊन आपले नाव सांगू लागले आणि सारी वाट उघडी पडली.

आपल्या देशात त्या काळी ट्रेसरूट चालवणाऱ्यांना चमत्कार दिसे. एका कंपनीच्या ग्राहकाने त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला काही पाठवले, तर ते समुद्रापार अमेरिकेला जाऊन परत येई, कारण भारतात या कंपन्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसत. शेजारच्या वाड्यात वाटी पाठवायची आणि ती काशीवरून यायची, असा प्रकार. देशातली देवाणघेवाण देशातच व्हावी म्हणून जून २००३ मध्ये 'निक्सी' ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि कंपन्यांना आपापसांत जोडणारे नाके देशात उभे राहिले. वाट वाकडी आहे हे आधी कोणीतरी मोजून दाखवावे लागते, मग ती सरळ करण्याची गोष्ट निघते.

वर्गणीची यंत्रे

तिसरी गोष्ट इंग्लंडातल्या लेस्टरची. १९९४ मध्ये तिथल्या एका विद्यापीठाची बाहेरच्या जगाशी जोडणी अवघ्या ६४ किलोबिटची होती. सगळ्या विद्यापीठात एकच बारीक तार, आणि तिच्यावर किती गर्दी आहे हे जो तो विचारी. टोबियास ओटिकर हा स्विस तरुण तिथे काम करीत होता. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर थोड्या वेळाने तारेवरची गर्दी मोजून तिचा आलेख सर्वांना दिसेल असा लावून ठेवी. पुढच्या वर्षी त्याने तो 'एमआरटीजी' या नावाने सर्वांना देऊन टाकला. मग अमेरिकेतल्या एकाने त्यातला संथ भाग वेगवान करून पाठवला, इतरांनी भर घातली आणि बघता बघता जगभरच्या जाळ्यांच्या कचेऱ्यांत तो आलेख दिसू लागला. गणपती उठले की मंडळाचा खजिनदार जमाखर्चाचा कागद फळ्यावर लावतो, त्याच जातीचे हे काम.

मात्र एका घरातून, एका कचेरीतून मोजले तर आपल्यापुरतेच कळते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन मोठ्या तारा तुटल्या आणि भारताच्या परदेशी जोडणीचा सुमारे निम्मा भाग गेला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या दिवसांत संगणक बंद-चालू करून पाहिला असेल. घरातून पिंग केले असते तर "उत्तर येत नाही" एवढेच कळले असते. दोष भोपाळात नाही, मुंबईतही नाही, तो भूमध्य समुद्रात आहे, हे कळायला अनेक गावांतून एकाच वेळी मोजावे लागते.

या गरजेतून जी व्यवस्था उभी राहिली ती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. अ‍ॅमस्टरडॅममधल्या 'राइप' या संस्थेने २०१० मध्ये 'राइप अ‍ॅटलस' सुरू केले. ही संस्था युरोप आणि आसपासच्या देशांत इंटरनेटचे पत्ते वाटते आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते. तिने तळहातावर मावेल एवढे मोजणीयंत्र तयार केले आणि मागेल त्या स्वयंसेवकाला विनामूल्य द्यायला सुरुवात केली. घेणाऱ्याने ते घरच्या राउटरला तारेने जोडायचे आणि चालू ठेवायचे, बस्स. ते यंत्र रात्रंदिवस जगातल्या ठरलेल्या ठिकाणांना हाका मारते, वाटा तपासते आणि नोंदी पाठवते. घरात कोण काय पाहतो, काय लिहितो, याकडे ते बघत नाही. आज अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे जगभर चालू आहेत.

त्यामागचा व्यवहार आपल्या बायकांना चटकन समजेल, कारण ती भिशी आहे. यंत्र जितके दिवस चालू, तितके गुण तुमच्या खात्यावर जमा. ते गुण खर्च करून तुम्ही दुसऱ्याच्या यंत्राकडून मोजणी मागू शकता. भोपाळातला माणूस आपल्या खात्यातून सांगू शकतो, "नैरोबीतून, टोकियोतून आणि नागपुरातून अमुक ठिकाणाला हाक मारून दाखवा." प्रत्येकाने थोडे घातले म्हणून प्रत्येकाला एकदम मोठे काही मिळते.

या जोडीला दुसरी नोंदवही आहे ती 'मेझरमेंट लॅब'ची, म्हणजे एम-लॅबची. इंटरनेटचे एक जनक व्हिंट सर्फ आणि काही संशोधक यांच्या पुढाकाराने ती २००९ मध्ये सुरू झाली. गुगलवर वेग तपासायला गेले की जी चाचणी समोर येते, ती बहुधा हिचीच असते. तिचे सर्व निकाल कोणालाही अभ्यासासाठी खुले असतात. इथे एक सावधगिरी सांगायला हवी: त्या खुल्या नोंदीत आपल्या जोडणीचा इंटरनेट-पत्ताही जातो. ज्याला ते नको असेल त्याने चाचणी करण्याआधी विचार करावा. आपल्या ट्राय या नियामक संस्थेनेही २०१६ मध्ये वेग मोजण्याचे मोबाइल अ‍ॅप काढले. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची सरकारी व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. व्याख्या उंचावत गेली, पण आपल्या घरी ती पाळली जाते का, हे आपणच पाहायचे.

पुण्याची एक पायवाट

हे सारे परदेशी वाटेल, म्हणून एक घरचे उदाहरण. पुण्याची 'प्रयास' ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या ऊर्जा गटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या करारातले आकडे तपासून लोकांपुढे मांडले. घोषणांच्या त्या दिवसांत त्यांनी गणित मांडले आणि त्या गणिताची दखल घ्यावी लागली. याच गटाने पुढे विजेच्या मोजणीचा उपक्रम हाती घेतला. एक छोटे यंत्र घरातल्या, दुकानातल्या किंवा शेतावरच्या सॉकेटमध्ये बसवायचे. ते मिनिटामिनिटाला विजेचा दाब नोंदते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून ती नोंद पाठवते. वीज कधी गेली, किती वेळ गेली, दाब किती पडला, हे सारे कोणालाही पाहता येईल असे प्रसिद्ध होई. वेगवेगळ्या राज्यांत शेकडो लोकांनी आपल्या घरात ही यंत्रे बसू दिली.

वीज मंडळांचे अहवाल उपकेंद्रापर्यंतची गोष्ट सांगत, गावात पुरवठा किती तास झाला ते सांगत. घराच्या सॉकेटमध्ये काय पोचले, हे घरातूनच कळते. इंटरनेटचेही तंतोतंत असेच आहे. कंपनीच्या कचेरीत मोजलेला वेग आणि साकेतनगरच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलेला वेग, हे दोन वेगळे आकडे आहेत.

भोपाळला हे सांगावे लागत नाही

मोजणी एकाच पक्षाच्या हाती राहिली तर काय होते, हे आपल्या शहराने जगात सर्वांत महाग किंमत देऊन पाहिले आहे. इंटरनेटच्या संथपणाची त्या घटनेशी तुलना करण्याचा उद्देश नाही. तसे करणे पापच होईल. पण मोजमापाचा धडा तिथलाच आहे आणि तो टाळून भोपाळकराला या विषयावर लिहिता येणार नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब वाढत होता. मापकावर तो दिसतही होता. पण त्या कारखान्यातली उपकरणे इतकी बेभरवशाची झाली होती की, आकडा पाहूनही प्रथम कोणाला तो खरा वाटला नाही, असे नंतरच्या पत्रकारी तपासात पुढे आले. वायू थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. भिंतीच्या आतले आकडे भिंतीच्या बाहेरच्या वस्तीला दिसण्याची कोणतीही सोय नव्हती. राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या 'रपट' या साप्ताहिकातून धोक्याचे इशारे दिले होते, पण ते एकट्या माणसाचे शब्द ठरले.

त्यानंतर लोकांनी मोजायला सुरुवात केली. मार्च १९८५ मध्ये 'मेडिको फ्रेंड सर्कल' या डॉक्टरांच्या गटाने, ज्याच्या कामात महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, कारखान्यासमोरचे जे. पी. नगर आणि दूरचे अण्णानगर यांतल्या लोकांची तपासणी करून तुलना मांडली. घरोघर जाऊन विचारलेले प्रश्न आणि फुप्फुसांची तपासणी, हीच त्यांची मापके. पुढे १९९९ मध्ये ग्रीनपीसने कारखान्याच्या आसपासच्या जमिनीतल्या पाण्याचे नमुने तपासून अहवाल दिला, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. या शहरातल्या वस्त्यांना ठाऊक आहे की तक्रारीला वजन येते ते नोंदीने.

आजच्या जाळ्याची बाब त्या मानाने साधी, पण ती आता आपल्या वयाच्या माणसांच्या पोटापर्यंत आली आहे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला २०१४ पासून इंटरनेटवरून देता येतो. गेल्या नोव्हेंबरात आमच्यातल्या एका काकांनी तीन दिवस हेलपाटे घातले. दरवेळी बोट यंत्रावर ठेवायचे, चक्र फिरायचे आणि "नेट नहीं है, कल आइये" हे ऐकायचे. तिसऱ्या दिवशी काम झाले. त्या तीन दिवसांची नोंद कुठेच नाही. रेशनच्या दुकानात अंगठा न उमटलेल्या बाईची, परीक्षेच्या मध्यात जोडणी तुटलेल्या मुलीची गोष्ट अशीच. कागदावर सेवा चालू होती. ट्रंक कॉलच्या काळातले "लाइन खराब है" हे वाक्य नव्या कपड्यांत परत आले आहे.

आपला ठिपका

राइप अ‍ॅटलसचा नकाशा पाहिला तर युरोप ठिपक्यांनी गजबजलेला दिसतो. भारतात मोठी शहरे सोडली की ठिपके विरळ होत जातात. जिथे ठिपका नाही तिथे जाळे चांगले आहे की वाईट, याबद्दल तो नकाशा मुका असतो. आणि जगातले अभ्यासक, अभियंते आणि धोरणे ठरवणारे लोक याच नकाशांवरून बोलतात.

या जागी आपल्या शेजारच्या एका स्थळाची आठवण होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेली हिंदुस्थानची महामोजणी विल्यम लॅम्बटनने उत्तरेकडे आणली. १८२३ मध्ये तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले आणि १८२४-२५ मध्ये आपल्या विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजजवळ जमिनीवर पायारेषा मोजली. जवळचे कल्याणपूर हे ठाणे पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या नकाशाचा आरंभबिंदू ठरले. ती मोजणी साम्राज्याची होती आणि साम्राज्याच्या कामासाठी होती. तरी एवढे खरे की, कोणीतरी तिथे उभे राहून मोजले म्हणून ते ठिकाण नकाशात पक्के झाले.

नव्या मोजणीला साखळ्या, उंट आणि पलटण लागत नाही. मंडळाच्या कचेरीतल्या राउटरजवळ एक छोटे यंत्र राहू शकते. ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांना एक वही पुरते: तारीख, वेळ, वेग आणि पिंगचा आकडा. मोजताना काही पथ्ये पाळावीत. शक्यतो तारेने जोडून मोजावे, नाहीतर वायफायचा दोष कंपनीच्या माथी जातो. फक्त जाळे रडत असतानाच मोजू नये, ठरलेल्या वेळी रोज मोजावे. रागाने केलेली मोजणी वकिली ठरते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि जाहिरातीतला १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, साडेबारा, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. निम्म्या तक्रारी या एका भागाकाराने मिटतात. उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्या असतात आणि त्यांच्यासाठीच ही वही.

आपल्यातले अनेक जण भेलमध्ये, वीज मंडळात, दूरसंचार खात्यात आणि सर्वेक्षणाच्या कामात आयुष्यभर मापके वाचत आले आहेत. लॉगबुक भरल्याशिवाय त्यांची पाळी संपत नसे. त्यांना हे काम नवे नाही. नातवंडांना राउटर उलगडतो, आजोबांना नोंदवही ठेवता येते. आरतीनंतरच्या त्या पंचायतीत दोघे शेजारी बसले तर निकाल लागायला फार वेळ लागू नये.

या वर्षीच्या उत्सवात आम्ही दहाही दिवस सायंआरतीच्या वेळी मंडळातल्या जोडणीची नोंद ठेवणार आहोत. अनंत चतुर्दशीनंतर वर्गणीच्या जमाखर्चाशेजारी तो कागदही फळ्यावर लागेल. पत्र कधी पावले, हे ज्याच्या हाती पत्र पडते त्याने लिहून ठेवायचे, ही आपल्या दप्तराची जुनी रीत आहे.